लोणारची धार : उघड्यावरची दिवेलागण

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातलं जुनं, मोठं गाव. इतिहासात ते लढाईमुळे आलं. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथल्या रानात निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाला हरवलं आणि दख्खनचा सुभा कायमचा आपल्या हाती घेतला. विजयाच्या भरात त्याने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. गावकऱ्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. आज या गावाची ओळख पलसिद्ध महाराजांच्या मठाची आणि प्रल्हाद महाराजांच्या रामनामाची. गोंदवलेकर महाराजांचा अनुग्रह जालन्याच्या रामानंद महाराजांकडून प्रल्हाद महाराजांपर्यंत आला, आणि रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र इकडच्या घराघरांत रुजला. अशा घरातून तीर्थाला जायचं ठरलं की गाडी आधी मेहकरला थांबते. तिथल्या शारंगधर बालाजीचं दर्शन घ्यायचं आणि तसंच पुढे लोणारला निघायचं.

बाहेरचे लोक लोणारला विवर पाहायला येतात. इकडच्या माणसांना मात्र आधी धार हवी असते, सरोवर नंतर.

धार म्हणजे विवराच्या काठावर, गावाला लागूनच असलेलं धारातीर्थ. दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की भिंतीतल्या गोमुखातून पाण्याची जाड धार कुंडात पडताना दिसते. भोवती छोटी-मोठी देवळं, काळवंडलेले दगड आणि दाट झाडी. भर उन्हाळ्यातही इथली हवा गार असते. बुलडाण्यासारख्या पाण्यासाठी तरसणाऱ्या जिल्ह्यात बारा महिने पडणारी धार हाच मुळात चमत्कार. तिला पुराणाचा आधार नसता तरी लोकांनी हात जोडलेच असते.

पुराणकथा तर आहेच. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात लपून लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदन होऊन बिळाचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं, आत शिरून त्याचा वध केला, आणि मग अंग धुवायला ही गंगा प्रकटली. भूगर्भशास्त्राची कथाही कमी अद्भुत नाही. आकाशातून आलेला पाषाण बेसाल्टच्या खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. पूर्वी त्याचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. पुढे आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर ते साडेपाच लाखांच्या पलीकडे गेलं. त्या तडाख्याने तडकलेल्या काठाच्या खडकात पाणी मुरतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. धार, रामगया, सीतान्हाणी हे सगळे त्यातलेच. धारेचं पाणी गोड आहे. तेच ओघळून तळाशी सरोवराला मिळतं आणि खारं होतं, कारण तिथून बाहेर पडायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतो. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाला लोणार आठवलं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

संध्याकाळी मात्र यातलं काहीच डोक्यात राहत नाही. सहली परततात, मोबाईल खिशात जातात, आणि इतका वेळ गलक्यात बुडालेला धारेचा आवाज मोठा होतो. नाशिकला रामकुंडावर रोज सांजेला गोदावरीची आरती होते. पुरोहितांची रांग, मोठ्या दीपारत्या, घंटानाद, पाहणाऱ्यांची दाटी. तसा थाट इथे नाही. इथे असतं ते घरातल्या सांजवातीसारखं चार-दोन माणसांचं काम. मी गेलो तेव्हा एक आजी नातीला घेऊन पायऱ्या उतरत होत्या. पितळी तांब्या, पिशवीत तेलाची छोटी बाटली, घरून वळून आणलेल्या वाती. नात निरांजन काढायला लागली तशा आजी म्हणाल्या, "पहिले तांब्या भर बाई, मंग दिवा." आधी धारेचं पाणी महादेवाला घातलं, बेल वाहिला, मग पदराचा आडोसा करून वात पेटवली. आरती म्हणताना नात दुसऱ्या कडव्याला अडखळली. शेजारी टेकलेल्या, ओळखदेख नसलेल्या एका काकांनी ती उचलून पुरी केली. कापराचं ताट फिरलं, त्यावर आम्ही चौघा-पाच जणांनी हात धरले. खडीसाखर वाटली. आजींनी तांब्या पुन्हा भरला आणि घरी न्यायला झाकून घेतला.

हल्ली प्रत्येक पाण्याकाठी काशीसारखी महाआरती सुरू करायची टूम निघाली आहे. लोणारलाही कुणीतरी ती काढेल. माझं स्पष्ट मत आहे की काढू नये. भोंगा लागला की या आजीची आरती कुणाला ऐकू येणार? धारेला गरज आहे ती साध्या गोष्टींची. कुंडात साबण, शाम्पूच्या पुड्या, निर्माल्य पडू नये, कारण इथलं पाणी इथेच थांबत नाही, थेट सरोवरात उतरतं.

वेळ हाताशी असेल तर संध्याकाळच्या आधी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहून घ्यावं. छतावरची शिल्पं पाहताना मान दुखते, पण नरसिंह आणि कृष्णकथा सोडवत नाहीत. मेच्या मध्याला सूर्यकिरण थेट मूर्तीवर येतात, तेव्हा तिथे गर्दी होते. तळाशी सरोवराच्या काठी कमळजा देवी आहे. नवरात्रात तिची यात्रा भरते. अलीकडच्या वर्षांत सरोवराचं पाणी वाढून देवळाला भिडलं आहे, त्यामुळे खाली उतरण्याआधी चौकशी करावी. शिवाय तो सगळा भाग अभयारण्यात येतो, दिवस कलल्यावर तिकडे जाऊ नये.

धारेवर यायचं ते उन्हं उतरताना. इथल्या देवळांना पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, म्हणून बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्या. तांब्या घरूनच आणा, प्लास्टिकची बाटली नको. द्रोणातला दिवा पाण्यात सोडू नका, पायरीवर लावा, आणि जाताना विझलेली पणती सोबत न्या.