उजेड हवा, ऊन नको

पुणे, नागपूर किंवा अहमदाबाद येथे निरभ्र उन्हाळी दुपारी उघड्या जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो, आणि टेबलावरच्या लिखापढीसाठी ३०० ते ५०० लक्स पुरतात. लक्स हे एखाद्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर किती प्रकाश पोचतो याचे माप होय. तरीही काचेने मढवलेल्या कार्यालयांत भर दुपारी पडदे ओढून छताचे दिवे लावलेले दिसतात, कारण डोळ्याला प्रकाशाच्या प्रमाणापेक्षा नजरेच्या टप्प्यातील उजळ आणि काळोख्या भागांची तफावत अधिक जाणवते. खिडकीतले आकाश किंवा समोरच्या पांढऱ्या भिंतीवरचे ऊन झळाळत असेल, तर डोळा त्या झळाळीशी जुळवून घेतो आणि आतला भाग पुरेसा उजळ असूनही अंधारा भासतो. डोळे दिपवणाऱ्या या चकाकीवर पडदा हा तात्काळ उपाय ठरतो. मात्र एकदा ओढलेला पडदा ऊन सरल्यावर उघडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

इमारतींच्या मानकांत या अडचणीची दखल उशिरा आणि अपुरी घेतली गेली. खोलीतील एखाद्या बिंदूवरचा प्रकाश बाहेरच्या मोकळ्या आकाशाखालील प्रकाशाच्या किती टक्के आहे, हे सांगणाऱ्या आकड्यास दिनप्रकाश गुणांक म्हणता येईल. ही कल्पना ढगाळ युरोपात रुजली. भारतीय मानकाने ती स्वीकारताना आकाश निरभ्र, सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर आणि बाहेरचा प्रकाश ८,००० लक्स असे गृहीत धरले, म्हणून १ टक्का गुणांक ८० लक्सांइतका ठरतो आणि स्वयंपाकघरासाठी सांगितलेला २.५ टक्के गुणांक २०० लक्स भरतो. परंतु या हिशेबात थेट ऊन मुळातच धरलेले नाही. टंचाई टाळणारे हे माप अतिरेकाविषयी काहीच बोलत नाही, आणि जिथे दुपारी बसवत नाही अशी खोलीही या कसोटीस सहज उतरते.

ऊन अडवणे हे मुख्यतः भूमितीचे काम आहे. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश असल्याने विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र समान असताना, माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ७१.५ अंश उंचीवर असतो आणि दक्षिण भिंतीवरच्या ६० सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली सुमारे १८० सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे नेहमीची खिडकी पूर्ण झाकते. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य पश्चिमेला जेमतेम १४ अंशांवर आलेला असतो, आणि तेवढ्याच छज्ज्याची पश्चिम भिंतीवरची सावली १५ सेंटिमीटरांच्या आसपासच थांबते. तिरीप सरळ टेबलावर आणि संगणकाच्या पडद्यावर पडते. चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढलेला नकाशा सूर्याकडे न पाहता काढलेला असतो, असे खुशाल समजावे.

पश्चिमेला आडव्या छज्ज्याऐवजी उभ्या, वळवलेल्या फळ्या लागतात. ल कॉर्बुझिए यांनी अहमदाबादेतील गिरणी मालक संघाच्या इमारतीत (१९५४) पश्चिमेकडील, रस्त्याच्या बाजूस काँक्रीटच्या फळ्या तिरप्या बसवल्या, तर पूर्वेला साबरमतीकडच्या फळ्या भिंतीशी काटकोनात ठेवल्या, जेणेकरून नदीवरचे वारे आत यावे. मुंबईत पेच याहून अवघड आहे, कारण अरबी समुद्राचे वारे आणि देखावा ज्या बाजूस, त्याच बाजूस तिसऱ्या प्रहराचे ऊन आणि पावसाचा मारा. चार्ल्स कोरिया यांनी कांचनजंगा या उंच इमारतीत (१९८३) खोल्यांच्या पुढे दुमजली उंचीच्या खोल सज्जाबागा ठेवून जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. गोव्याच्या जुन्या घरांत हाच प्रश्न शिंपल्यांच्या तावदानांनी सोडवला होता: पातळ, दुधी शिंपला प्रकाश पसरवून मवाळ करतो, अर्थात बाहेरचे दृश्य गमावून.

गडद काच हा सध्याचा लोकप्रिय मार्ग या उपायांपुढे भाबडा वाटतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने (२०१७) काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत यावा असे म्हटले आहे; पण थेट सूर्यबिंब २७ टक्क्यांवर आणले तरी ते डोळे दिपवतेच, आणि ढगाळ श्रावणात तीच काच दिवे लावायला भाग पाडते. त्यापेक्षा खिडकीचे दोन भाग करणे अधिक शहाणपणाचे: नजरेच्या पातळीवरचा भाग दृश्यासाठी, त्याला चिक किंवा पट्ट्यांचा पडदा, आणि त्यावर, साधारण सात फुटांवर, आडवी पांढरी फळी, जी वरच्या झडपेतून येणारे ऊन छताकडे परतवते. छत पांढरे असेल तर तो उजेड खोलीत बराच आतपर्यंत पसरतो, आणि खालचा पडदा दिवसभर ओढलेला राहिला तरी वरची वाट मोकळी राहते.