डिजिटल कॅमेरा घेताना: मेगापिक्सेल नव्हे, प्रकाश मोजा

थँक्सगिव्हिंगचे सेल जवळ आले की मंडळाच्या कार्यक्रमांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: "साधा, स्वस्त, पण चांगला डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा?" त्यासाठी फोटोग्राफीचे शास्त्र शिकायला नको. थोडी माहिती आणि थोडे गणित पुरते.

आधी कॅमेरा हवाच का, हे ठरवा. उन्हातली सहल, घरचा वाढदिवस, जवळून काढलेले फोटो यांना हातातला फोन पुरेसा आहे. फोन कमी पडतो तो अंधूक उजेडात आणि लांबून. आपले कार्यक्रम नेमके तसेच असतात! गणेशोत्सवात भाड्याने घेतलेल्या शाळेच्या ऑडिटोरियममध्ये मुलगी स्टेजवर नाचते आणि आपण पंधराव्या रांगेत बसतो. पुण्याच्या आजी-आजोबांना फोटो हवा असतो तो तोच, आणि त्यात नातीचा चेहराच ओळखू येत नाही. ही अडचण आपली नसेल, तर पैसे वाचवा.

असेल, तर खोक्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ४ बाय ६ इंची प्रिंटला सुमारे २ मेगापिक्सेल लागतात, ८ बाय १० इंचीला सुमारे ७ आणि फोर-के टीव्हीवर पडदाभर फोटो पाहायला सुमारे ८. अनोळखी ब्रँडच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल असे छापलेले असते. बरेचदा तो आकडा चित्र फुगवून काढलेला असतो. त्याने फोटोतला तपशील वाढत नाही.

खरे महत्त्व सेन्सरच्या आकाराला. पूर्वी जिथे फिल्म असे, तिथे आता सेन्सर असतो. लहान स्वस्त कॅमेऱ्यात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. 'एपीएस-सी' सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे तेरापट. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचेही तसेच.

दुसरी गोष्ट लेन्स. तिच्यावरचा 'एफ' आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ/२.८ला एफ/५.६च्या चौपट प्रकाश मिळतो. लेन्सवर ३.५-५.६ असे लिहिले असेल, तर दुसरा आकडा झूम पूर्ण लांबवल्यावरचा. झूम 'ऑप्टिकल' किती एवढेच पाहावे. 'डिजिटल' झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणे. चाळीसपट-साठपट झूमचे कॅमेरे उन्हातल्या सॉकरला ठीक, पण त्यांचा सेन्सर सहसा लहान असतो, म्हणून हॉलमध्ये ते कमी पडतात. बदलत्या लेन्सचा कॅमेरा घेतलात, तर झूम नसलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स तुलनेने स्वस्त मिळते. ती लावून पुढच्या रांगेत बसावे; पुढची खुर्ची फुकट असते! ती लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करते ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

आता खर्च. बजेट बेताचे असेल, तर वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. २०१४चा सोनी ए ६००० आणि २०१८चा निकॉन डी ३५०० हे दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, एपीएस-सी सेन्सरचे आहेत आणि घरगुती कामाला आजही उत्तम. वापरलेला घेताना शटर किती वेळा उडाले आहे, परत करायची मुदत किती दिवस आणि वॉरंटी कोण देते, हे विचारा. नवा कॅमेरा फारच स्वस्त दिसला, तर तो 'ग्रे मार्केट'चा नाही ना, याची खात्री करा. अशा मालाला कंपनीची अमेरिकेतली वॉरंटी सहसा लागू होत नाही. किमतीत लेन्स, मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि सेल्स टॅक्स धरूनच बेरीज करा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असेल, तर भारतात फक्त प्लगचा अडॅप्टर लागेल.

घरी आणल्यावर परतीच्या मुदतीतच परीक्षा घ्या. संध्याकाळी दिवाणखान्यातला एकच दिवा लावून मुलांना नाचायला सांगा. फ्लॅश बंद ठेवा, कारण छोट्या फ्लॅशचा उजेड स्टेजपर्यंत पोहोचत नाही. शटर १/२५० सेकंदावर ठेवा आणि आयएसओ कॅमेऱ्यालाच ठरवू द्या. फोटो कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर नव्हे, टीव्हीवर पाहा. शेजारी फोनने काढलेला तोच फोटो ठेवा. घरातल्या सर्वांना फरक दिसला, तर कॅमेरा ठेवा. दिसला नाही, तर निःसंकोच परत करा.