चित्तप्रसन्नतेची चतुःसूत्री

मनःशांतीसाठी माणूस एकांत शोधतो, डोळे मिटून बसतो. परंतु दिवसभर इतरांशी केलेले वर्तन तेथेही त्याची पाठ सोडत नाही. पतंजलींनी हे नेमके ओळखले होते. योगसूत्रांच्या समाधिपादातील ३३व्या सूत्रात त्यांनी शांतीचा उपाय माणसांशी वागण्यातच सांगितला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि पापी माणसाविषयी उपेक्षा, या चार भावनांनी चित्त प्रसन्न होते. बौद्ध परंपरेत याच नावांच्या चार भावना ‘ब्रह्मविहार’ म्हणून ओळखल्या जातात.

टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी यामागचे कारण उलगडले आहे. मैत्रीने ईर्ष्या, करुणेने अपकाराची इच्छा, मुदितेने असूया आणि उपेक्षेने क्रोध नाहीसा होतो. शेजाऱ्याच्या उत्कर्षाने जळणाऱ्यामुळे शेजाऱ्याचे काहीच बिघडत नाही. झोप उडते ती जळणाऱ्याचीच.

यातील उपेक्षा आचरण्यास सर्वांत कठीण. ती म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. अन्यायाला विरोध अवश्य करावा. मात्र अन्याय करणाऱ्याचा द्वेष मनात साठवू नये, असा तिचा अर्थ घेता येतो. दुसऱ्याशी सद्वर्तन हा त्याच्यावर केलेला उपकार नसून आपल्याच चित्ताची शुद्धी आहे.