बेटावरील रात्रशाळा

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं नागरी हक्कांसाठीं जो लढा दिला त्याची गोष्ट निघाली कीं आपल्या डोळ्यांपुढें मार्टिन ल्यूथर किंग यांचीं भाषणें व लाखोंचे मोर्चे उभे राहतात. तें योग्यच आहे. परंतु ज्याला आपलें नांवसुद्धां लिहितां येत नाहीं त्यानें मतदारयादींत नांव घालावें कसें, हा प्रश्न भाषणांनीं सुटत नसतो. तो एका किराणा दुकानाच्या मागल्या खोलींत कसा सुटूं लागला, हें आम्ही येथें सांगणार आहोंत.

दक्षिण कॅरोलायना राज्यांत चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स नांवाचें बेट आहे. जुन्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तेथें राहत. दळणवळण बेताचें, हिवतापाचा उपद्रव फार, आणि बोलीहि शहरांतील इंग्रजीहून निराळी. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणें मतदार होऊं इच्छिणाऱ्यास राज्यघटनेंतील एखादें कलम वाचून व लिहून दाखवावें लागे, नाहींतर निदान ३०० डॉलर किंमतीची मालमत्ता दाखवावी लागे. वरवर पाहतां ही अट गोऱ्याकाळ्यांना सारखीच. पण शाळा कोठें सारख्या होत्या? १९१६ सालीं सेप्टिमा क्लार्क नांवाची अठरा वर्षांची तरुणी त्या बेटावर शिक्षिका म्हणून गेली, तेव्हां ती व तिची एक सहकारी अशा दोघींकडे मिळून १३२ मुलें होतीं. रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांच्या शाळेंत मुलें तीन, व त्यांना एक स्वतंत्र शिक्षिका. या क्लार्कबाई स्वतः चार्ल्स्टन येथील एका मिशन शाळेंत शिकलेल्या होत्या, हें आमच्या वाचकांस वाचून आनंद होईल.

याच बेटावर एसाव जेंकिन्स नांवाचे गृहस्थ होते. आपल्या व शेजाऱ्यांच्या मुलांना शहरांतील शाळेंत पोंचविण्यासाठीं त्यांनीं बसगाडी घेतली, व तींतून कामकरी लोकांचीहि ने-आण सुरू केली. वाटेंत ते उतारूंना राज्यघटनेचीं कलमें समजावून सांगत. एका बाईनें तें कलम ऐकून ऐकून जसेंच्या तसें पाठ केलें व मतदारयादींत नांव घालून घेतलें. काम झालें होतें. पण तिचें समाधान झालें नाहीं. आपण वाचलें नाहीं, नुसतें म्हणून दाखविलें, ही गोष्ट तिला सलत राहिली. आम्हांस ही बाई मोठी वाटते. परीक्षेपुरतें घोकणाऱ्या आम्हां सर्वांनाच तिच्या या असमाधानाची थोडी लाज वाटावयास हवी.

क्लार्कबाईंच्या सांगण्यावरून जेंकिन्स १९५४ सालीं टेनेसी राज्यांतील हायलँडर लोकशाळेंत गेले. मायल्स हॉर्टन यांच्या या शाळेंत गोरे व काळे एकत्र बसत, एकत्र जेवत. जेंकिन्स यांनीं तेथें प्रौढांच्या शाळेची गरज मांडली. हायलँडरनें १५०० डॉलर उसने दिले व त्यांतून बेटावर एक जुनी इमारत घेण्यांत आली. पुढच्या भागांत दुकान व मागल्या खोल्यांत शाळा, अशी योजना ठरली. दुकान पाहून गोऱ्या लोकांना संशय येऊं नये हा त्यांतील हेतु.

मध्यंतरी १९५६ सालीं राज्यानें असा कायदा केला कीं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचें सभासदत्व सरकारी नोकरांस ठेवतां येणार नाहीं. क्लार्कबाईंनीं तें सोडण्याचें नाकारलें. चाळीस वर्षांची नोकरी व निवृत्तिवेतन दोन्ही गेलीं. त्या हायलँडरला रुजू झाल्या व बेटावरील शाळेच्या कामास लागल्या.

शिक्षक कोण नेमावा? क्लार्कबाईंनीं आपल्या नात्यांतील बर्नीस रॉबिन्सन यांस निवडलें. या बाई केशरचना व शिवणकाम करून पोट भरीत. शिकविण्याचा अनुभव त्यांना मुळींच नव्हता, आणि हेंच क्लार्कबाईंना हवें होतें. ७ जानेवारी १९५७ रोजीं पहिला वर्ग भरला. प्रौढ विद्यार्थी चौदा. रॉबिन्सनबाईंनीं लहान मुलांचीं पुस्तकें नेलीं होतीं, तीं त्यांनीं लवकरच बाजूस ठेविलीं व विचारलें कीं, तुम्हांस काय शिकावयाचें आहे? उत्तरें साधीं होतीं. कोणास आपलें नांव लिहावयाचें होतें, कोणास बायबल वाचावयाचें होतें, कोणास मनीऑर्डर भरावयाची होती. ज्यांना पेन्सिल धरतां येईना त्यांचें नांव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देण्यांत येई, व त्यावरून ते पुन्हां पुन्हां हात फिरवीत, म्हणजे वळण हातांत बसे. नांगर धरून घट्टे पडलेल्या बोटांना हें काम सोपें नव्हतें. शेतांत काम कमी असे त्या हिवाळ्याच्या दोनतीन महिन्यांतच वर्ग चाले.

येथें आम्हांस पुण्याची आठवण होते. फुले दांपत्यानें १८५५ सालीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रशाळा काढली. आणि १८७३ सालीं जोतीरावांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें. मुक्तीनंतर नऊ दशकें लोटलीं तरी त्या गुलामांच्या पणतवंडांना अक्षरासाठीं दुकानाच्या आड बसावें लागत होतें.

शेजारच्या बेटांवरहि अशाच शाळा निघाल्या. टेनेसी सरकारनें १९६१ सालीं हायलँडर बंद पाडली, परंतु त्यापूर्वींच हें काम किंग यांच्या संस्थेकडे सोंपविण्यांत आलें होतें. जॉर्जिया राज्यांतील डॉर्चेस्टर येथें, जुन्या मिशन शाळेच्या जागीं, क्लार्कबाई, डोरोथी कॉटन व अँड्र्यू यंग शिक्षक तयार करूं लागले. दक्षिणेंतील खेड्यापाड्यांतून न्हावी, शिंपिणी, शेतकरी तेथें येत व परत जाऊन आपल्या ओसरीवर वर्ग भरवीत. १९६५ सालच्या मतदान-हक्क कायद्यानें साक्षरतेच्या अटीचा बडगा दक्षिणेंतून दूर झाला.

क्लार्कबाईंचें निवृत्तिवेतन १९७६ सालीं परत मिळालें. ज्या शहराच्या शाळांतून त्यांना काढलें होतें तेथीलच शाळामंडळावर त्या पुढें निवडून आल्या. १९८७ सालीं जॉन्स बेटावरच त्यांचें देहावसान झालें. जेंकिन्स त्यांच्या आधीं, १९७२ सालीं वारले. त्यांच्या शेवटच्या काळांतील मोटारीचे कांहीं पत्रे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेले आहेत.