कट्टी न घेता दूर गेलेला मित्र

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या मैत्रीविचारापाशी थांबलो होतो. उपयोगासाठी केलेली मैत्री, आनंदासाठी केलेली मैत्री आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली मैत्री, हे त्याचे तीन प्रकार आपण पाहिले. आज तोच धागा पुढे न्यायला आम्ही मुलांची एक कादंबरी घेतली आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मुलांचं पुस्तक कशाला, असं कुणाला वाटेल. थोडा धीर धरा.

रिबेका स्टेड या अमेरिकन लेखिकेची ‘व्हेन यू रीच मी’ ही कादंबरी २००९ साली आली आणि २०१० चं न्यूबेरी पदक तिला मिळालं. काळ १९७८-७९, गाव न्यूयॉर्क. मिरांडा सहावीत आहे, आईबरोबर राहते. त्याच इमारतीत खाली सॅल आणि त्याची आई. दोन्ही घरांत एकटी आई आणि एकच मूल, त्यामुळे ही दोघं अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेली. शाळेतून येताना एक दिवस मार्कस नावाचा मुलगा विनाकारण सॅलला ठोसा मारतो. आणि त्या दिवसापासून सॅल मिरांडाला टाळू लागतो.

आपल्याकडच्या मुलांना ‘कट्टी’ हा शब्द फार सोयीचा आहे. कट्टी जाहीर करावी लागते, तिला कारण असतं आणि बट्टी करून ती मोडताही येते. सॅल कट्टी घेतच नाही. भांडण नाही, आरोप नाही, फक्त दार बंद. त्यामुळे मिरांडा कारण शोधत राहते, आणि ठोसा हेच कारण असणार असं तिच्यासारखं आपणही धरून चालतो.

पुस्तकात निनावी चिठ्ठ्यांचं एक मोठं रहस्य आहे, ते आम्ही फोडणार नाही. पण सॅलचा खुलासा सांगायलाच हवा, कारण आपला प्रश्न तिथेच आहे. ठोसा हे कारण नव्हतंच. त्याला आणखी मित्र हवे होते, आणि मिरांडाला त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. म्हणजे सॅलला मिरांडा नकोशी झाली नव्हती. तिचं सगळं जग आपणच असावं, हे त्याला नको होतं.

आता ॲरिस्टॉटलकडे या. नवव्या भागात तो विचारतो: दोन मित्रांपैकी एक बुद्धीने मूलच राहिला आणि दुसरा प्रौढ झाला, तर मैत्री टिकेल कशी? टिकणार नाही, असं त्याचं मत. मात्र जुन्या सहवासाची आठवण ठेवून अशा माणसाशी परक्याहून वेगळं वागावं, असंही तो म्हणतो. विचार मोलाचा आहे, पण यात एक पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. सॅल आणि मिरांडाचं तसं नाही. इथे दोघांनाही वाढायचंय, आणि एकमेकांना इतकं चिकटून ते जमत नाहीये.

आमचं म्हणणं असं की या दोघांची मैत्री तोवर कुणी निवडलेलीच नव्हती. ती जिन्याने दिली होती. वरचं घर, खालचं घर, कामावर गेलेल्या आया. जी मैत्री नाकारायची सोयच नाही, ती स्वीकारली असं तरी कसं म्हणायचं? सॅल दूर जातो तेव्हा पहिल्यांदाच तिथे निवड शक्य होते. त्याने हे तोंडाने सांगायला हवं होतं, यात शंका नाही. पण बारा वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी शब्द असतात का? आपल्यापैकी पन्नाशीच्या किती जणांकडे असतात?

मिरांडाचं स्वातंत्र्य मात्र तिला न मागता मिळतं. दुपारच्या सुट्टीत ती ॲनमरी आणि कॉलिनबरोबर एका सँडविचच्या दुकानात काम करू लागते. पाव मोजायचे, मोबदल्यात सँडविच. आणि इथेच लेखिकेची बारीक नजर दिसते. ॲनमरीची जुनी मैत्रीण ज्युलिया मिरांडाला मुळीच आवडत नाही. भपकेबाज, शिष्ट वाटते. पुढे तिच्या लक्षात येतं की ॲनमरी दुरावल्यावर ज्युलियाचे जे हाल झाले, तेच सॅल दुरावल्यावर आपले झाले होते. म्हणजे सॅलने जे मिरांडाला केलं, त्यात ज्युलियाच्या बाबतीत मिरांडाचाही हात होता.

सॅल आणि मिरांडा पुढे पुन्हा बोलू लागतात. रोज सावलीसारखं बरोबर असणं मात्र परत येत नाही, आणि आता मिरांडाही ते मागत नाही.