सांडपाण्याचा ‘सीओडी’ मोजतात तरी कसा?

आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसला की कारखान्यांच्या आणि नाल्यांच्या सांडपाण्याची चर्चा सुरू होते. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातील सांडपाणी प्रक्रियेनंतर सोडण्याजोगे झाले का, हे ठरवणारा एक महत्त्वाचा आकडा म्हणजे ‘सीओडी’, अर्थात रासायनिक ऑक्सिजन मागणी. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी केंद्राच्या पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरमागे २५० मिलिग्रॅम. हा आकडा रेडॉक्स अनुमापनातून काढता येतो.

रेडॉक्स म्हणजे काय?
एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा त्याचे ऑक्सिडीकरण होते. दुसरा ते घेतो, त्याचे क्षपण होते. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात.

चाचणी कशी होते?
- २० मिलिलिटर नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट मोजून घालतात. सल्फ्युरिक आम्ल टाकून दोन तास उकळतात. पाण्यातील सेंद्रिय घाण डायक्रोमेट खर्च करते.
- उरलेले डायक्रोमेट मोजण्यासाठी ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडतात.
- फेरॉइन या दर्शकाचा रंग निळसर हिरव्याचा तांबूस तपकिरी झाला की थांबतात.
- नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन हेच पुन्हा करतात. दोन्ही वेळच्या ब्युरेटमधील फरक म्हणजे घाणीने खाल्लेले डायक्रोमेट.

आकडा कसा निघतो?
समजा, फरक ६.५ मिलिलिटर आला आणि फेरस द्रावण ०.१ नॉर्मल आहे. ६.५ × ०.१ × ८००० ÷ २० = २६०. (८ हा ऑक्सिजनचा सममूल्यभार, मिलिग्रॅमसाठी त्याला हजाराने गुणले.) म्हणजे पाणी मर्यादेबाहेर.

खरी मेख कुठे?
फेरस द्रावण हवेतील ऑक्सिजनने हळूहळू क्षीण होते. बाटलीवर ०.१ लिहिले असले, तरी प्रत्यक्षात ते ०.०९५ भरले, तर उत्तर येते २४७. म्हणजे तेच पाणी मर्यादेत! म्हणूनच वापराच्या दिवशी डायक्रोमेटच्या प्रमाण द्रावणाशी अनुमापन करून फेरस द्रावणाची संहती तपासतात. डायक्रोमेट शुद्ध मिळते आणि टिकते, त्यामुळे ते अचूक वजन करून प्रमाण म्हणून वापरता येते.

सीओडी काय सांगत नाही?
फेस आणणारे डिटर्जंट किंवा प्लेटिंगमधील निकेलसारखे धातू नेमके किती, हे यातून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. सीओडी मर्यादेत आहे, एवढ्यावरून पाणी निर्धोक ठरत नाही.