स्टेअरिंगला प्ले आलाय? आधी गाडीखाली बघा

आपल्या वस्तीत कुणी गाडी घेतली की ती एका घराची राहत नाही. कुणाला अपरात्री इस्पितळात न्यायचे असो, की सहा डिसेंबरला म्हाताऱ्या आईला चैत्यभूमीला न्यायचे असो, किल्ली मागायला शेजारी येतोच. ही गाडी बहुधा जुनी असते, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातातली. तिचा हप्ता, पेट्रोल, विमा यांचा हिशेब घरात रोज होतो; पण स्टेअरिंग थोडे सैल लागते याकडे ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष होते. इथे मात्र चालायचे नसते. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, स्टेअरिंगचा सांधा निखळला तर ती कुठे जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

आमच्या ओळखीच्या एका बांधवांनी २००८ सालची मारुती ८०० घेतली. वीस मार्चला सहकुटुंब महाडला चवदार तळ्यावर जायचे ठरले. त्याआधी सहज हायवेवर फेरी मारली, तर स्टेअरिंग बरेच फिरवल्याशिवाय चाक वळेना आणि वेग सत्तरच्या पुढे गेला की हातात थरथर सुरू. गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘पूर्ण रॅक बदला.’ आकडा ऐकून त्यांनी महाडचा बेत रद्द करायचे ठरवले. त्यांची मुलगी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, ‘पप्पा, बदलायच्या आधी बघू तरी काय झिजलंय ते.’

तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन दुखणी वेगळी केली. स्टेअरिंग सैल असणे, म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात ते, हे एक. थरथरणे हे दुसरे. दोन्ही एकदम आली तरी कारण एकच असेल असे नाही. अनेक घरांचा पैसा वाया जातो तो इथेच.

प्ले मोजायला खर्च काहीच नाही. गाडी सपाट जागी, चाके सरळ. स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला खडूची खूण करा आणि एका बोटाने हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. पुढचे चाक हलू लागेपर्यंत खूण किती सरकते ते बघा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून बघा. लहान गाडीत एखाद्या इंचापर्यंत चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की हा मोकळा फेर ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढे अंतर, तेवढे हे ३० अंश. पण ही कायद्याची शेवटची हद्द झाली. माझे म्हणाल तर तिच्या निम्म्यावर पोचलेली गाडीसुद्धा मी लेकरांना बसवून घाटात नेणार नाही.

प्ले हळूहळू वाढतो, म्हणून रोज चालवणाऱ्याला तो कळत नाही. हात त्याला सरावतो. मुंबईत २०२३ पर्यंत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होत्या. त्या चालवणारे जुने ड्रायव्हर सैल स्टेअरिंग सतत किंचित इकडे-तिकडे करत गाडी सरळ ठेवत आणि त्यांना त्यात वावगे वाटत नसे. म्हणून गाडी अधूनमधून दुसऱ्याच्या हातात द्यावी. त्याला लगेच जाणवते.

प्ले आहे हे कळले, आता तो कुठे आहे? याला दोन माणसे लागतात. बापाने आत बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटपट हलवायचे आणि मुलीने पुढून खाली वाकून बघायचे, असे ठरले. जुन्या मालकाने बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती. ती डोळ्यांसमोर लोंबत होती म्हणून मुलीने आधी ती काढून टाकली, मग बॅटरी मारली. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या क्रॉसपासून सुरुवात करायची: वरचा भाग फिरतो आणि खालचा थांबून मग फिरतो का? मग रॅक. तो बॉडीला धरून ठेवणारी क्लॅम्पची रबरे सैल झाली असतील तर अख्खा रॅकच बाजूला सरकताना दिसतो. त्यानंतर रॅकच्या टोकाचा सांधा, जो रबरी भात्याच्या आत असतो, आणि शेवटी चाकाजवळचा टाय रॉड एंड. प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्याला न दिसणारी खटखट बोटांना लागते. चालक स्टेअरिंग हलवत असताना बोटे मात्र चाक आणि आर्म यांच्या फटीत घालू नका.

मुलीच्या हाताला खटखट लागली ती डाव्या टाय रॉड एंडवर. त्याची रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी चिखलाची पूड. कोकणातल्या पावसात एक फाटकी टोपी घेऊन गाडी फिरली की त्या सांध्याचे आयुष्य संपलेच समजा. गंमत अशी की वर सांगितलेल्या नियमातच बॉल जॉइंटला रबरी टोप्या हव्यात आणि पिना-बोल्ट सुटणार नाहीत असे अडकवलेले हवेत, हेही लिहिले आहे. रॅक ठणठणीत होता. गॅरेजवाला लुबाडतच होता असे मी म्हणत नाही. रॅकबरोबर बहुधा एंडही नवे पडतात, प्ले जातो, गिऱ्हाईक खूश. पण जिथे काही शेकड्यांत भागते तिथे हजार कशाला घालायचे?

याच वेळी पुढचे चाक जॅकवर उचलून दुसरी तपासणी करावी. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका आणि विटा तर नकोतच, त्या एकदम फुटतात. चाक वर-खाली धरून हलवा. हलले तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर बेअरिंग, तरीही हलले तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट सैल निघाला तर गाडी तिथेच उभी ठेवा. चाक फक्त डावी-उजवीकडेच हलत असेल तर दोष टाय रॉडकडे किंवा रॅककडे.

आता थरथर. ती कधी येते यावरून कारण कळते. ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होत असेल तर बहुधा चाकाचे बॅलन्सिंग गेलेले. फक्त ब्रेक मारताना येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा. सायकलच्या वेगातही चाक डुलत असेल तर टायरला फुगा, वाकलेली रिम किंवा सैल नट. नट सैल असण्याची शंका आली तर जागीच थांबा. या गाडीत उजव्या रिमच्या आतल्या बाजूला सुकलेल्या चिखलाचा थर होता आणि बॅलन्सिंगचे वजन पडून गेले होते. चिखल खरवडून बॅलन्सिंग केल्यावर सत्तरची थरथर गेली. मात्र एक खरे, झिजलेला सांधा ही थरथर वाढवतो, म्हणून आधी सांधा आणि मग बॅलन्सिंग, हा क्रम ठेवावा. व्हील अलाइनमेंट तर अगदी शेवटी. सैल सांध्यावर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बिघडते.

टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचून घ्या. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही चांगली दिसो, आठ वर्षांचे रबर कडक झालेले असते.

एंड बदलताना जुना काढायला किती फेरे लागले ते मोजून नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवा, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट जाते. नटाची स्प्लिट पिन नवीच घाला. जुनी सरळ करून घातलेली पिन तुटते. आणि कुणी ‘रॅकचा स्क्रू आवळून देतो, प्ले जाईल’ म्हणाला तर नको म्हणा. गाडी जास्त वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दाते आधी झिजतात. मधला प्ले जाईपर्यंत आवळले की वळणावर स्टेअरिंग अडते आणि आपोआप परत येत नाही. ते जास्त धोक्याचे.

वीस मार्चला ही मंडळी पहाटे निघाली. वडखळला चहाला थांबल्यावर मुलीने पाना काढून चारही चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून बघितले. पुढच्या डाव्या चाकाचा एक पाव फेरा फिरला.